आपत्ती, प्रार्थना आणि रविवारचं अर्पण

भूकंपाची किंवा महापुराची बातमी आली की पुढच्या रविवारी बहुतेक चर्चमध्ये दोन गोष्टी ठरलेल्या असतात. मध्यस्थीच्या, म्हणजे इतरांसाठी केलेल्या, प्रार्थनेत त्या भागाचं नाव घेतलं जातं आणि विशेष अर्पण गोळा होतं. हा रिवाज चर्चच्या इमारतींपेक्षाही जुना आहे.

बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात दुष्काळाचा उल्लेख येतो. रोमन सम्राट क्लौद्य याची कारकीर्द इ.स. 41 ते 54. त्या काळातला हा दुष्काळ. अंत्युखिया शहरातल्या मंडळीने, म्हणजे ख्रिस्ती समुदायाने, ऐपतीप्रमाणे पैसे काढले आणि बर्णबा व शौल यांच्या हाती यहूदीयाला, म्हणजे यरुशलेमच्या प्रदेशात, पाठवले. हाच शौल म्हणजे पुढचा पौल. यरुशलेमेतल्या गरिबांसाठी त्याने नंतर मोठी वर्गणी उभी केली. तिचे तपशील आजच्या कुठल्याही मदत समितीला ओळखीचे वाटतील. दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने जमेल तेवढं बाजूला काढावं, म्हणजे मी आल्यावर धावाधाव नको, असं तो करिंथ शहरातल्या मंडळीला लिहितो. रक्कम मंडळीनेच निवडलेल्या माणसांनी न्यावी, कारण एवढ्या मोठ्या निधीवरून कुणी बोट दाखवायला नको. करिंथकरांनी वर्षभरापूर्वी उत्साहाने सुरू केलेलं काम रेंगाळलं होतं, तेव्हा मासेदोनियातल्या हलाखीतल्या मंडळ्यांनी किती दिलं ते सांगून त्याने त्यांना चिमटाही काढला. थोडक्यात, हिशेब आणि तगादा ही आधुनिक संस्थांची देणगी नव्हे.

तिसऱ्या शतकाच्या मध्यात उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजमध्ये भीषण साथ आली. बिशप सिप्रियन यांनी ख्रिस्ती नसलेल्यांनाही मदत करायला सांगितलं, असं त्यांचे चरित्रकार नोंदवतात. काही काळापूर्वीच छळ सोसलेल्या समाजाला हे सांगणं सोपं नसणार. पुढे 368–369च्या सुमारास कप्पदुकियातल्या (आजचं तुर्की) कैसरियात दुष्काळ पडला. तिथले धर्मगुरू बेसिल यांनी कोठारं भरून बसलेल्या श्रीमंतांना प्रवचनातून झोडपलं, भुकेल्यांना एकत्र आणलं आणि कढणाच्या हंड्या चढवल्या. कढण कडधान्याचं, सोबत खारवलेलं मांस. वाढायला स्वतः बेसिल.

प्रार्थनेची बाजूही आपत्तींतूनच घडली. 470च्या सुमारास व्हिएन (आजचं फ्रान्स) इथे भूकंप आणि आगींनी लोक हवालदिल झाले होते. बिशप मामेर्तस यांनी स्वर्गारोहण दिनाआधी (येशू स्वर्गात गेल्याचा सण) तीन दिवस उपवास आणि प्रार्थनेच्या मिरवणुका सुरू केल्या. 511च्या ऑर्लेआं परिषदेने ही प्रथा गॉलभर (आजच्या फ्रान्सचा प्रदेश) लागू केली.

प्रार्थना आणि मदतकार्य यांत तेढ पडली ती पोर्तुगालच्या लिस्बनमध्ये. 1 नोव्हेंबर 1755, सर्व संतांचा सण. सकाळी चर्च भरलेली असताना धरणी हादरली. पेटत्या मेणबत्त्यांनीही आगी लागल्या, मग समुद्र आत आला. मंत्री पोंबाल यांनी मृतदेह हलवणं, धान्याचे भाव आवरणं ही कामं आधी हाती घेतली. जेझुइट या कॅथलिक संघाचे धर्मगुरू मालाग्रिदा यांनी मात्र ही पापाची शिक्षा आहे, आता पश्चात्ताप हवा, असं छापून प्रसिद्ध केलं. दोघांचा संघर्ष विकोपाला गेला आणि 1761 मध्ये मालाग्रिदांना मृत्युदंड झाला. आपत्तीत ‘हे का घडलं’ याचं उत्तर देण्याची घाई धर्मगुरूंनी करू नये, हे माझं मत या प्रकरणाने पक्कं होतं. मृत्युदंड मात्र निव्वळ राजकीय सूड होता.

विसाव्या शतकात मंडळ्यांची मदत कायमस्वरूपी संस्थांकडे गेली. 1951 मध्ये कॅथलिक मदतसंस्थांचा महासंघ, कारितास इंटरनॅशनलिस, स्थापन झाला. 1994 मध्ये रेड क्रॉस चळवळ आणि स्वयंसेवी संस्थांची आचारसंहिता तयार झाली, तेव्हा तिच्या प्रायोजकांत कारितासबरोबर जागतिक चर्च परिषदही होती. मदत गरजेप्रमाणे द्यावी, घेणाऱ्याचा धर्म पाहू नये आणि मदतीच्या आडून धार्मिक किंवा राजकीय भूमिका पुढे रेटू नये, असं ती सांगते. संहिता ऐच्छिक आहे. धान्याच्या पाकिटात धर्मपत्रिका घालणारे गट अजूनही आहेत, आणि चर्चच्या मदतीवर सर्वाधिक वाद होतात ते तिथेच.