आठही दिवे लागले, तरी मॉनिटर काळा का पडतो?

"केबल ओके आहे, लॅन टेस्टरचे आठही दिवे लागले." नागपुरात सीताबर्डीपासून बुटीबोरीपर्यंत कुठेही कीबोर्ड-मॉनिटर लांब नेण्याचं काम निघालं की हे वाक्य हमखास ऐकू येतं, आणि तेव्हाच शेजारचा मॉनिटर दर दहा सेकंदांनी काळा पडत असतो. मग एक्स्टेंडरच्या डब्याला दोष दिला जातो, डबा बदलतात, मॉनिटर पुन्हा काळाच. या समजाखाली आणखी एक समज दडलेला आहे: सिग्नल डिजिटल आहे, म्हणजे नुसते शून्य आणि एक, ते पोचतात किंवा पोचत नाहीत. दोन्ही चूक आहेत.

केव्हीएम (कीबोर्ड, व्हिडिओ, माउस) एक्स्टेंडर म्हणजे दोन लहान डबे. सीपीयूजवळचा ट्रान्समीटर, आणि मॉनिटर, कीबोर्ड व माउसजवळचा रिसीव्हर. मधे एकच कॅट-६ दर्जाची लॅन केबल. कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांकडे कोळशाची पूड कुठे कुठे शिरते हे नागपूरकरांना सांगायला नको. अशा जागी, जिनिंगमध्ये किंवा मोठ्या सभागृहात सीपीयू बंद एसी खोलीत आणि माणूस ४०-५० मीटरवर, अशी सोय करावी लागते. यूएसबी २.० ची केबल ५ मीटरच्या पुढे नेता येत नाही आणि साधी एचडीएमआय केबल १०-१५ मीटरवर धापा टाकू लागते.

त्या लॅन केबलवरचं ओझं पाहा. फुल एचडी चित्रात १९२० गुणिले १०८० ठिपके, सेकंदाला ६० चित्रं. कडेचे न दिसणारे ठिपके धरले तर सेकंदाला १४ कोटी ८५ लाख ठिपके. प्रत्येकाचे तीन रंग, एचडीएमआयमध्ये प्रत्येक रंगाला १० बिट. म्हणजे सेकंदाला सुमारे ४४५ कोटी बिट. हे केबलमधल्या तारांच्या चार जोड्यांतून न्यायचे, तर एका ठोक्याला एक बिट पाठवून भागत नाही. लॅन केबलवरून चित्र पाठवण्याच्या एचडीबेसटी पद्धतीत व्होल्टेजच्या १६ पर्यंत पायऱ्या केलेल्या असतात आणि एका ठोक्यात त्यांतली एक पायरी जाते, म्हणजे चार बिट. शून्य-एकची गोष्ट इथे संपते. तारेत धावतं ते कमी-जास्त होणारं व्होल्टेज, आणि ही सातवी पायरी की आठवी, हा फरक थोड्याशा गोंगाटानेही पुसला जातो.

गोंगाट मे महिन्यातल्या नागपुरात शोधावा लागत नाही. खिडकीखिडकीत कुलर, त्याची मोटर, त्याचा पंप, आणि कुलरच्या वायरीच्याच पट्टीतून ओढलेली लॅन केबल. यावरचा उपाय टेलिफोनच्या काळातला आहे. अलेक्झांडर ग्रॅहम बेलने १८८१ मध्ये त्याचं पेटंट घेतलं: दोन तारांना एकमेकींभोवती पीळ द्यायचा.

जोडीतल्या एका तारेवर सिग्नल सुलटा जातो, दुसरीवर उलटा. रिसीव्हर दोन्हींची वजाबाकी करतो. कुलरच्या वायरीतून आलेला गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच चढला असेल तर तो वजाबाकीत शून्य होतो आणि सिग्नल दुप्पट होतो. सगळी मदार 'सारखाच' या शब्दावर आहे. तारा नुसत्या समांतर असत्या तर कुलरकडची तार सतत जवळ राहिली असती आणि जास्त गोंगाट तिच्याच वाट्याला आला असता. पीळ दिला की अर्ध्या पिळात ही तार जवळ, पुढच्या अर्ध्यात ती, आणि शेवटी हिशेब बरोबरीत सुटतो. केबलचं साल काढून चारही जोड्या निरखून पाहा, प्रत्येकीचा पीळ वेगळा दिसेल, कुठे घट्ट, कुठे सैल. पीळ सारखा असता तर शेजारच्या दोन जोड्या एकमेकींना समांतर तारांसारख्याच झाल्या असत्या आणि एकीचा सिग्नल दुसरीत झिरपला असता. म्हणून या केबलला आठ तारा म्हणू नये, त्या चार जोड्या आहेत.

स्वस्त टेस्टरला हेच कळत नाही. या टोकाच्या जॅकची पहिली पिन त्या टोकाच्या पहिल्या पिनेला पोचली का, एवढंच तो पाहतो. कोण कोणाबरोबर पिळलेलं आहे, हे तो तपासतच नाही. पिना ३ आणि ६ ही एक जोडी आणि ४ आणि ५ ही दुसरी, हे ठरलेलं आहे. नवख्या हाताने रंग ओळीने भरले (पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, हिरवा, पांढरा-निळा, निळा आणि पुढे तपकिरी) आणि दोन्ही टोकांना तेच केलं, की आठही दिवे क्रमाने लागतात. पण आता ३ वर पांढरा-हिरवा आणि ६ वर निळा आला. एका सिग्नलचे दोन जोडीदार दोन वेगळ्या पिळांत गेले आणि प्रत्येक जण परक्या सिग्नलच्या तारेभोवती गुंडाळला गेला. सबंध केबलभर ते एकमेकांत मिसळत राहतात. १०० मेगाबिटचं इंटरनेट कमी अंतरावर यातूनही कसंबसं चालतं, म्हणून 'नेट चालतंय' हाही पुरावा नव्हे.

बरोबर क्रम, ज्याला टी-५६८-बी म्हणतात, असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. जॅकची क्लिप पलीकडे, पिना वर आणि आपल्याकडे धरल्या की पहिली पिन डावीकडे येते. सुरुवात संत्र्याच्या रंगाने आहे, नागपुरात विसरण्याचं कारण नाही. जॅकपाशी पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू नये.

उपकरण नेमकं काय मोजतं हे विचारण्याची सवय हवी. मे २०२४ अखेर नागपूरच्या एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश दिसले आणि बातमी देशभर फिरली. दोष संवेदकाचा असल्याचं हवामान खात्याने नंतर सांगितलं. टेस्टरचे आठ दिवे त्याच जातीचे. जॅकच्या पिनांवरचा सोन्याचा मुलामा गंज रोखतो हे खरं, पण तो सुटलेली जोडी जुळवत नाही. रॅकला बांधलेल्या लिंबू-मिरचीनेही ती जुळत नाही.

आता केबलची निवड. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल कॅट-६ म्हणून सर्रास मिळते. ब्लेडने तार खरवडून पाहा. आत पांढरी निघाली तर परत करा. खात्री हवी तर १०० मीटरच्या एका जोडीची दूरची टोकं जोडून मल्टिमीटर लावा. अस्सल २३ गेज तांबं १३ ते १५ ओहम दाखवतं. १९ च्या वर गेलं तर गडबड आहे. उन्हाचाही हिशेब धरा. तांबं तापलं की रोध वाढतो, आणि २० अंशांना ९० मीटर चालणारी साधी केबल ६० अंशांना जेमतेम ७५ मीटर धरावी, असं मानकांचं गणित आहे. गच्चीवरच्या उघड्या पाइपात मे महिन्यात केबल हवेपेक्षा बरीच जास्त तापते. केबल विजेच्या वायरीपासून ३० सेंटिमीटर दूर ठेवा, ओलांडावीच लागली तर काटकोनात, आणि मधे जॉइंट देऊ नका.

भिंतीत केबल टाकण्याआधी दोन्ही डबे टेबलावर ठेवून दोन मीटरच्या तयार पॅच कॉर्डवर चालवून पाहा. इथे चित्र स्थिर आणि लांब केबलवर अस्थिर, तर दोष केबलचा. रिझोल्यूशन ७२० पर्यंत खाली आणल्यावर चित्र थांबलं तरी संशय केबलवरच घ्या.

चालू करण्याचा क्रम: आधी मॉनिटर आणि रिसीव्हर, मग ट्रान्समीटर, शेवटी सीपीयू. कारण सीपीयू सुरू होताना मॉनिटरला त्याची ओळख विचारतो. ती किमान १२८ बाइटची माहिती, ईडीआयडी, वेळेवर मिळाली नाही तर चित्र ६४० बाय ४८० सारख्या आकारात अडकतं किंवा येतच नाही. ट्रान्समीटरवर ईडीआयडी साठवायचं बटण असेल तर मॉनिटर जोडून ते एकदा दाबून ठेवा.

यूएसबीचा प्रश्न घाईचा आहे. कीबोर्ड आपणहून बोलत नाही. संगणक सेकंदाला साधारण १२५ वेळा 'काही आहे का' विचारतो आणि काही मायक्रोसेकंदांतच, वेगवान उपकरणांकडून तर सुमारे दीड मायक्रोसेकंदात, उत्तर सुरू व्हावं असं धरतो. १०० मीटर जाऊन येण्यातच एक मायक्रोसेकंद जातो, शिवाय डब्यांचा वेळ. म्हणून एक्स्टेंडर जवळच्या जवळ 'अजून नाही' असं उत्तर देतो, तोवर पलीकडून कळ आणतो आणि पुढच्या प्रश्नाला देतो. साध्या कीबोर्ड-माउसला हे पुरतं. पेनड्राइव्ह, वेबकॅम किंवा दिव्यांचे गेमिंग कीबोर्ड चालतीलच असं धरू नका. आधी साधा कीबोर्ड लावून तपासा.

दोन इमारतींमध्ये तांब्याची केबल नको. दोन्हीकडच्या अर्थिंगमधला फरक आणि पावसाळ्याआधीच्या विजा डबे जाळतात. तिथे फायबरचा एक्स्टेंडर घ्या. आणि थेट जोडणीच्या एक्स्टेंडरचा जॅक दिसायला लॅनसारखाच असला तरी तो नेटवर्क स्विचमध्ये घालू नये. काही डबे त्याच केबलवरून वीजही पाठवतात, त्याने स्विचचं पोर्ट जाऊ शकतं. केबलच्या दोन्ही टोकांना 'केव्हीएम, स्विचला लावू नये' अशी चिठ्ठी चिकटवा आणि वरून पारदर्शक टेप लावा, कुलरच्या ओलाव्याने शाई पुसते.