दुकान उठलं, मिरवणूक चालू: टोरांटोच्या सांताक्लॉजची पार्श्वभूमी

नोव्हेंबरच्या उत्तरार्धात, नाताळाला अजून महिनाभर अवकाश असताना, कॅनडातल्या टोरांटो शहरात सांताक्लॉजची मिरवणूक निघते. एवढ्या लवकर का, याचं उत्तर चर्चमध्ये मिळत नाही. ते दुकानदारीच्या हिशेबात आहे. खेळणी खपावीत म्हणून एका दुकानाने ही मिरवणूक सुरू केली, आणि ते दुकान बंद पडूनही आता पाव शतक उलटलं.

दुकान ईटन्सचं. आयर्लंडमधून आलेल्या टिमथी ईटन यांनी ते 1869 मध्ये टोरांटोच्या यंग स्ट्रीटवर काढलं. उधारी नाही, घासाघीस नाही, भाव एकच, आणि माल पसंत पडला नाही तर पैसे परत. 1884 पासून त्यांचा कॅटलॉग निघू लागला आणि दुकान लांबलांबच्या शेतांवरच्या घरांतही जाऊन पोचलं. ईटन कट्टर मेथडिस्ट, म्हणजे प्रोटेस्टंट ख्रिस्त्यांच्या एका पंथाचे. दारू आणि तंबाखू दुकानात ठेवायची नाही, आणि रविवारी शोकेसवर पडदे ओढायचे, म्हणजे रस्त्याने जाणाऱ्याला त्या पवित्र दिवशी मालाचा मोह नको! अशा माणसाने सांताक्लॉज रस्त्यावर आणावा याची मला गंमत वाटते. पण सोमवार ते शनिवार ते पक्के व्यापारी होते.

2 डिसेंबर 1905 हा शनिवारच होता. सांता आगगाडीने युनियन स्टेशनवर उतरला, ईटन दांपत्याने त्याचं स्वागत केलं आणि स्वारी दुकानाकडे निघाली. ना चित्ररथांची रांग, ना थाटमाट. एक सांता आणि त्याच्यामागे पोरंटोरं, एवढीच ती पहिली मिरवणूक. रस्ता मात्र विचारपूर्वक निवडलेला होता, कारण तो संपत होता दुकानाच्या दारात. जानेवारी 1907 मध्ये टिमथी ईटन वारले. पुढे ही मिरवणूक केवढी होणार, हे त्यांना कळलंच नाही.

त्यानंतर दरवर्षी काहीतरी नवं काढायची चढाओढ दुकानाने स्वतःशीच लावली. सांता कधी शहराबाहेरच्या न्यूमार्केटहून मजल दरमजल करत यायचा. 1913 मध्ये त्याची गाडी ओढायला लॅब्राडॉरहून खरेखुरे रेनडिअर आणले. 1917 मध्ये बालगीतांतल्या पात्रांचे 7 चित्ररथ निघाले आणि त्या मिरवणुकीला आजचं रूप येऊ लागलं. 1919 मध्ये तर सांता विमानातून उतरला. महायुद्ध नुकतंच संपलं होतं आणि विमान बघायलाच गर्दी लोटायची, त्यामुळे ही युक्ती बिनचूक ठरली.

विनिपेग आणि मॉन्ट्रिअल या शहरांतही ईटन्सच्या मिरवणुका निघत. टोरांटोची संपली की चित्ररथ आगगाडीत चढवून मॉन्ट्रिअलला धाडायचे. एकदा केलेल्या खर्चातून दोनदा जाहिरात! न्यूयॉर्कच्या मेसीज दुकानाची आज जगभर गाजणारी मिरवणूक 1924 ची, म्हणजे टोरांटोहून 19 वर्षांनी धाकटी. दुसऱ्या महायुद्धात कापडाची टंचाई झाली तेव्हा वेश कागदाचे शिवले, पण मिरवणूक चुकवली नाही. 1952 मध्ये कॅनडात टीव्ही आला आणि त्याच वर्षी ती घराघरांत दिसू लागली. विनिपेग आणि मॉन्ट्रिअलच्या मिरवणुका मात्र साठच्या दशकात ईटन्सने बंद केल्या.

टोरांटोवरही ती वेळ आलीच. मंदीचे दिवस होते. ऑगस्ट 1982 मध्ये ईटन्सने जाहीर केलं की यापुढे हा खर्च झेपणार नाही. मिरवणूक म्हणजे दुकानाची जाहिरात, एवढंच तिचं स्वरूप उरलं असतं, तर कोणी हळहळलं नसतं. पण 77 वर्षांत आजोबा, बाप आणि नातू अशा तीन पिढ्यांनी त्याच फुटपाथवर उभं राहून सांता पाहिला होता. महानगराचे अध्यक्ष पॉल गॉडफ्री यांनी धावाधाव केली, आणि विमा व्यवसायातले रॉन बारबारो व कॅनडातल्या मॅकडोनाल्डचे प्रमुख जॉर्ज कोहन मदतीला आले. हाताशी होते जेमतेम तीन महिने. त्यांनी काढलेली शक्कल मला फार आवडते: शहरातल्या बड्या मंडळींनी हजार डॉलर मोजायचे आणि त्या बदल्यात विदूषकाचा वेश घालून मिरवणुकीत चालायचं. एरवी सुटाबुटात वावरणारे लोक पैसे देऊन रंगीत नाकं लावून घेऊ लागले. त्या वर्षीची मिरवणूक वेळेवर निघाली.

1999 मध्ये ईटन्सचं दिवाळं वाजलं, पण मिरवणुकीला ते जाणवलंही नाही. तोवर तिचा संसार वेगळा झाला होता. 2020 आणि 2021 मध्ये साथीमुळे रस्ते बंद होते, तेव्हा कॅनडाज वंडरलँड या मनोरंजन उद्यानात प्रेक्षकांविना चित्रीकरण करून ती टीव्हीवर दाखवली. 2022 मध्ये ती पुन्हा रस्त्यावर आली. आता मिरवणुकीबरोबर पोस्टमनही चालतात आणि मुलांनी सांताला लिहिलेली पत्रं गोळा करतात.

यंग स्ट्रीटवर 1977 पासून ईटन सेंटर नावाचा मोठा मॉल आहे. त्यात ईटन्सचं दुकान नाही. आणि मिरवणूक हल्ली रविवारी निघते, टिमथी ईटन शोकेसवर पडदे ओढायला लावत, त्या दिवशी.