श्रोते घटले की ऐकणं घटलं? क्लासिक रॉक स्टेशननं आधी एवढं तपासावं

समजा एक क्लासिक रॉक, म्हणजे जुनी रॉक गाणी वाजवणारं, रेडिओ स्टेशन आठवड्याला २०,००० लोक लावतात आणि प्रत्येकजण सरासरी ६ तास ऐकतो, म्हणजे झाले १,२०,००० तास. वर्षभरानं हाच आकडा ९०,००० वर आला. आता एकतर माणसंच १५,००० राहिलीत आणि ती पहिल्यासारखीच ६ तास ऐकायलीत, नाहीतर माणसं २०,०००च आहेत पण ऐकणं साडेचार तासांवर आलंय. मालकाच्या टेबलावर दोन्ही वेळेला पाव हिस्सा गेल्याचाच कागद येतो, आणि सगळा घोळ इथंच होतो, कारण एका दुखण्याचं औषध दुसऱ्याला दिलं की दुखणं वाढतं.

रेडिओच्या धंद्यात पहिल्याला क्यूम म्हणतात, म्हणजे आठवड्यात थोडा वेळ का होईना स्टेशन लावणारी एकूण माणसं. दुसरं टीएसएल, म्हणजे टाइम स्पेंट लिसनिंग, लावल्यावर किती वेळ ऐकलं ते.

आधी क्यूमचं बघू, कारण क्लासिक रॉकला ही गळती आपोआप लागते. हा फॉरमॅट अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या मध्यात जोर धरायला लागला, लेड झेपेलिन, पिंक फ्लॉइड असे जुने रॉक बँड ऐकत मोठ्या झालेल्या पिढीसाठी. १९७५ ला जो वीस वर्षांचा होता तो आज सत्तरीत आहे, आणि तिथले जाहिरातदार बहुतेक २५ ते ५४ वयाची माणसं मागतात. म्हणजे तो माणूस रेडिओ ऐकत असला तरी धंद्याच्या हिशोबातून बाहेर गेला. त्याच्या मागून नवीन कुणी आलं नाही तर स्टेशन कितीही मन लावून चालवा, माणसं कमीच होणार. म्हणून बऱ्याच स्टेशननी निर्वाणा, पर्ल जॅम हे नव्वदच्या दशकातले बँड आत घेतले. १९९१ ला दहावीत असलेलं पोरगं आज पन्नाशीला टेकलंय, त्याच्यासाठी तेच क्लासिक. जुने लोक चिडतात, मला त्यांचा राग समजतो, पण हे केलंच पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे. आणि क्यूमचा प्रॉब्लेम असेल तेव्हा ओळखीची गाणी जास्त लावायची, कारण नवीन माणूस तुम्हाला दोन-तीन मिनिटंच देतो, तेवढ्यात त्याला कधीच न ऐकलेलं गाणं लागलं की तो गेला.

टीएसएलचं दुखणं जवळून बघायचं असेल तर कुठल्याही गॅरेजात जाऊन बसा. लातूरला बार्शी रोडवर आमच्या ओळखीचे एक मामा आहेत, जुन्या हिंदी गाण्यांचं एफएम दिवसभर चालू असतं, बटण ग्रीसनं पार काळं झालेलं. गाणं संपून जाहिराती लागल्या की पाना खाली न ठेवता अंगठ्यानं आवाज बारीक करतात. पुन्हा मोठा करायचं ध्यानात राहिलं तर ठीक, नाहीतर तासाभरानं पोरगं मोबाईल ब्लूटूथला जोडून टाकतं. मी विचारलं मामा आवडत नाही का आता, तर म्हणाले, "आवडतं की हो सर, पण गाणं कवा लागंल ह्याचा भरवसाच नाही." हा माणूस क्यूममधे अजून आहे. स्टेशननं त्याला गमावलेलं नाही, त्याचे तास गमावलेत.

रॉक स्टेशनचंही अगदी हेच. तीच काहीशे गाणी वर्षानुवर्षं फिरतात आणि रोज ऐकणाऱ्याला विटल्यासारखं होतं, आणि एकूण तासांतला मोठा वाटा हा थोड्या पक्क्या लोकांचाच असतो. त्यांच्यासाठी अल्बममधली कमी वाजलेली गाणी काढावी लागतात. अमेरिकेतल्या सेंट लुइसचं केएसएचई हे स्टेशन १९६७ पासून रॉक वाजवतंय आणि दुसरीकडे फारशी न लागणारी गाणी ही त्याची ओळखच आहे. दुसरा उपाय माणसाचा. अ‍ॅलिस कूपर या रॉक गायकानं २००४ पासून जवळपास वीस वर्षं रात्रीचा शो केला, तो बऱ्याच स्टेशनवर लागायचा. ज्यांच्यासोबत स्टेज गाजवलं त्यांचे किस्से तोच सांगायलाय म्हटल्यावर माणूस पुढच्या गाण्यापर्यंत थांबतो, हे कुठल्या अ‍ॅपच्या प्लेलिस्टला जमत नाही.

एक बारीक गोष्ट इथं सांगितलीच पाहिजे. अमेरिकेतल्या मोठ्या शहरांत श्रोते मोजणाऱ्या निल्सन कंपनीची मशीन असते, निवडलेली माणसं ती सोबत बाळगतात आणि स्टेशनच्या आवाजात लपवलेला कोड ती पकडते. हिशोब पंधरा-पंधरा मिनिटांचा. आधी त्यात ५ मिनिटं ऐकलं तरच धरायचे, २०२५ पासून ३ मिनिटं पुरतात. म्हणजे कुणी १०:१२ ला लावून १०:१८ ला बंद केलं, १०:१५ च्या आधी तीन मिनिटं आणि नंतर तीन, तर जुन्या नियमानं शून्य, नव्या नियमानं दोन्ही पावतास जमा! ऐकणारा तोच, मिनिटं तीच. त्यामुळं त्या वर्षी आकडा वाढला म्हणून लगेच पेढे वाटायचे नाहीत.

आता उलटं औषध दिलं की काय होतं बघा. लोक लवकर सोडून जायलेत आणि स्टेशननं होर्डिंग लावली, बक्षिसं वाटली, तर नवे लोक येतात, त्याच लांबलचक जाहिराती ऐकतात आणि जातात, आता त्यांचं मतही वाईट झालेलं. याच्या उलट, माणसंच येत नसताना पक्क्या चाहत्यांना खूश करायला दुर्मिळ गाणी वाढवली तर आहेत ते खूश, पण बाहेरच्याला दार अजून जड. मला दुसरी चूक जास्त वाईट वाटते, कारण ती गाण्यावरच्या प्रेमापोटी होते आणि स्टेशनमधल्या कुणालाच ती चूक वाटत नाही.

आपल्याकडं लहान शहरांत मोजायची सोयच नाही. रेडिओचे श्रोते मोजणारी रॅम नावाची मोजणी २००७ ला सुरू झाली, ती मुख्यतः मुंबई, दिल्ली, बंगळूर, कोलकाता अशा मोठ्या शहरांत, डायरी भरून घेऊन. नांदेड, परभणी, बीडचा माणूस त्यात आलाच नाही. म्हणून इथं कुणी स्टेशन चालवत असेल, जुन्या हिंदीचं असो की मोबाईलवर स्ट्रीम होणारं रॉकचं, त्यानं स्वतः गॅरेज, टपऱ्या, रिक्षा स्टँड, हॉस्टेल फिरावं. आवडतं का असं विचारू नका, समोर उभं राहून नाही कोण म्हणणार. विचारायचं की मागच्या आठवड्यात कुठलं-कुठलं स्टेशन लावलं, आणि लावलं असेल तर शेवटचं बंद केलं तेव्हा काय चालू होतं. पहिल्या प्रश्नाला तुमचं नावच आलं नाही तर प्लेलिस्टला हात लावू नका, आधी लोकांत जा. नाव आलं आणि दुसऱ्याला बहुतेकांनी "जाहिरात" म्हटलं तर होर्डिंगचा खर्च थांबवा आणि पहिल्यांदा सकाळचा एक जाहिरातींचा ब्लॉक तोडून दोन करा, मग महिन्याभरानं त्याच दुकानांत जाऊन तेच दोन प्रश्न परत विचारा.