कव्हरेजचा आकडा आणि वापरकर्त्याचा शब्द

प्रोग्रॅमच्या सगळ्या चाचण्या उत्तीर्ण झाल्या, तरी त्यातल्या किती ओळी त्या चाचण्यांमध्ये प्रत्यक्ष चालल्या हा प्रश्न उरतोच, आणि ही मोजणी म्हणजेच कोड कव्हरेज. मुंबई लोकलचे भाडे काढणारा एक छोटा प्रोग्रॅम घेऊ. चाचण्यांत प्रौढ प्रवाशांचीच उदाहरणे असतील, तर लहान मुलांचे अर्धे भाडे काढणारी ओळ एकदाही चालणार नाही आणि तिच्यातली चूक थेट तिकीट खिडकीवरच उघडकीस येईल.

सी भाषेत हे काम जीसीसी हा कंपायलर, म्हणजे लिहिलेल्या कोडचे यंत्राच्या सूचनांत रूपांतर करणारा प्रोग्रॅम, आणि त्याच्यासोबत येणारे जीकॉव्ह हे साधन मिळून करतात. तसा पर्याय दिला, तर कंपायलर प्रोग्रॅमच्या फाट्याफाट्यांवर मोजणीची सोय करून ठेवतो. प्रोग्रॅम संपताना ते आकडे फाइलीत उतरतात आणि जीकॉव्ह ते मूळ कोडच्या ओळींसमोर मांडते.

मात्र कंपायलरला वेगाची घाई असेल, तर ही मांडणी बिघडते. पूर्ण भाडे की अर्धे, अशा दोन ओळी तो कधीकधी एकाच यांत्रिक सूचनेत गुंडाळतो. मग कोणती ओळ किती वेळा चालली हे वेगळे काढता येत नाही. पश्चिम रेल्वेची जलद लोकल दादरहून थेट वांद्र्याला जाते, तेव्हा माटुंगा रोड आणि माहीमला किती माणसे चढली असती हे तिच्यावरून कळत नाही, तसेच हे आहे. म्हणून कव्हरेज मोजताना ऑप्टिमायझेशन, म्हणजे वेगासाठी कंपायलर करतो ती ही काटछाट, बंद, म्हणजे ‘ओ०’ पातळीवर, ठेवावे असा संकेत आहे.

मोजणीचे साधन ही पातळी परस्पर ठरवू शकत नाही. जीसीसी ज्याचा भाग आहे त्या जीएनू प्रकल्पाच्या लेखनसंकेतांनुसार, कंपायलरला द्यायचे पर्याय ज्यात लिहितात ते ‘सीफ्लॅग्ज’ हे व्हेरिएबल प्रोग्रॅम स्वतःच्या यंत्रावर बांधून घेणाऱ्या वापरकर्त्यासाठी राखून ठेवलेले आहे. पॅकेजच्या लेखकाने आपले पर्याय वेगळ्या व्हेरिएबलमध्ये ठेवायचे असतात आणि ऑटोमेक हे बांधणीच्या आज्ञा तयार करणारे साधन ते कंपायलरच्या आज्ञेत आधी व वापरकर्त्याचे नंतर मांडते. दोन परस्परविरोधी पातळ्या आल्या, तर जीसीसी शेवटची मानतो. वापरकर्त्याचा शब्द अखेरचा ठरावा, हा नियम मला अतिशय योग्य वाटतो.

गोची पुढेच आहे. वापरकर्त्याने काहीच सांगितले नसेल, तर ऑटोकॉन्फ, म्हणजे बांधणीआधी यंत्रावरचा कंपायलर वगैरे शोधून देणारे साधन, जीसीसीसाठी ‘सीफ्लॅग्ज’मध्ये स्वतःहून ‘ओ२’ ही ऑप्टिमायझेशन चालू असलेली पातळी भरते. मोजणीच्या साधनाने लेखकाच्या व्हेरिएबलमध्ये, म्हणजे आधी, मांडलेले ‘ओ०’ मग या ‘ओ२’पुढे हरते. इच्छा कोणाचीच नव्हती, तरी तिला वापरकर्त्याच्या इच्छेचा मान मिळाला, आणि अहवालात मात्र टक्केवारी नेहमीइतक्याच ठामपणे छापली गेली. अशा अहवालावर विसंबून एखाद्याने अर्ध्या भाड्याची ओळ तपासलीच नाही, तर दोष त्याला देता येणार नाही.

‘रिकामे सांगितले’ आणि ‘सांगितलेच नाही’ या दोन गोष्टी शेलला, म्हणजे या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅमला, वेगळ्या ओळखता येतात, आणि उपाय त्यातच आहे. ऑटोकॉन्फच्या कंपायलर शोधण्याच्या पायरीआधी, ‘सीफ्लॅग्ज’ ठरलेलेच नसेल तरच त्यात रिकामी किंमत भरायची; मग ऑटोकॉन्फ आपला ‘ओ२’ त्यात घालत नाही आणि मोजणीच्या साधनाचा ‘ओ०’ टिकतो. वापरकर्त्याने मात्र ‘ओ२’ स्वतः लिहिले असेल, तर ते तसेच पाळावे आणि अहवालात टक्केवारीशेजारीच ती पातळी नोंदवावी.