एड्रियन पीटरसन: 28 नंबरचा आणि 29 नंबरचा

एड्रियन पीटरसनचा विक्रम कोणता, असं विचारलं तर 'एका सामन्यात 296 यार्ड' हे उत्तर बरोबर आहे आणि 'कॉलेजच्या चार वर्षांत 6,559 यार्ड' हेही बरोबर आहे. पण हे विक्रम दोन वेगवेगळ्या माणसांचे आहेत. दोघंही अमेरिकन फुटबॉलमधले रनिंग बॅक. दोघंही एकाच काळात एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये खेळले, तेही एकाच विभागातल्या संघांकडून. मिनेसोटा व्हायकिंग्जच्या एड्रियनच्या पाठीवर 28 नंबर, शिकागो बेअर्सच्या एड्रियनच्या पाठीवर 29. दोघांचं आपसात नातं काही नाही.

रनिंग बॅकचं काम सांगायला सोपं आहे. संघाची चाल सुरू करणाऱ्या क्वार्टरबॅककडून चेंडू घ्यायचा, काखेत घट्ट दाबायचा आणि समोरच्या अकरा जणांतून वाट काढत जमेल तितकं पुढे घुसायचं. जिथे पाडलं जाईल तिथवरचे यार्ड त्याच्या नावावर. चार प्रयत्नांत दहा यार्ड गाठायचे असतात, त्यामुळे एका धावेत चार यार्ड मिळाले तरी काम चोख झालं म्हणायचं.

जगाला माहीत आहे तो 28 नंबरवाला. 1985 साली टेक्सासमधल्या पॅलेस्टाइन नावाच्या गावात जन्मलेला. ओक्लाहोमा विद्यापीठात पहिल्याच वर्षी तो 1,925 यार्ड धावला आणि 2007 मध्ये व्हायकिंग्जने त्याला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, सातव्या क्रमांकावर घेतलं. त्याच वर्षी 4 नोव्हेंबरला, एनएफएलमधल्या अवघ्या आठव्या सामन्यात, सॅन डिएगो चार्जर्सविरुद्ध त्याने 296 यार्डांचा विक्रम केला. आधीचा विक्रम 295 चा होता. फरक एका यार्डाचा, म्हणजे धडपडत पुढे टाकलेल्या एका पावलाचा.

पण त्याची खरी ताकद मला 2012 च्या हंगामात दिसते. 24 डिसेंबर 2011 ला वॉशिंग्टनविरुद्ध खेळताना त्याच्या गुडघ्याचे दोन लिगामेंट फाटले. अशा दुखापतीनंतर रनिंग बॅक पूर्वीसारखा वळेल, थांबेल, पुन्हा सुटेल, याची कुणी खात्री देत नाही. तो पुढच्या हंगामाच्या पहिल्या सामन्यापासून मैदानात होता. 30 डिसेंबर 2012 ला ग्रीन बेविरुद्धचा शेवटचा सामना सुरू झाला, तेव्हा एरिक डिकरसनचा 1984 सालचा 2,105 यार्डांचा हंगामी विक्रम मोडायला त्याला 208 यार्ड हवे होते. तो 199 धावला. शेवटच्या धावेत 26 यार्ड काढून त्याने संघाला गोलपोस्टच्या टप्प्यात आणलं, पुढच्या किकवर व्हायकिंग्जने सामना 37-34 असा जिंकला आणि विक्रम नऊ यार्डांनी हुकला. मला ते 2,097 यार्ड विक्रमाहून मोठे वाटतात.

त्याच्या कारकिर्दीवर डागही आहे. 2014 मध्ये चार वर्षांच्या मुलाला झाडाच्या फांदीने मारल्याबद्दल त्याच्यावर खटला झाला आणि त्या हंगामात तो एकच सामना खेळला. पुढच्या वर्षी परतून तो पुन्हा लीगमध्ये सर्वाधिक धावला. पण धावण्याचं कौतुक करताना तो खटला वगळणं बरोबर नाही.

29 नंबरवाला वयाने जवळजवळ सहा वर्षांनी मोठा, फ्लोरिडातल्या गेन्सव्हिलचा. लहानपणापासून तोतरेपणाशी झगडलेला आणि पुढे त्याविषयी लोकांसमोर मोकळेपणाने बोलणारा. तो जॉर्जिया सदर्न विद्यापीठाकडून खेळला. हे विद्यापीठ तेव्हा मोठ्या विद्यापीठांच्या एक पायरी खालच्या गटात होतं, म्हणून त्याचे आकडे अनेकांनी हलक्यात घेतले. ते मला पटत नाही. तिथे ऑप्शन पद्धतीचा खेळ चालायचा. क्वार्टरबॅक समोरच्या बचावपटूची हालचाल बघायचा आणि चेंडू द्यायचा की स्वतःकडे ठेवायचा, हे त्याच क्षणी ठरवायचा. पीटरसन त्याच्या थेट मागे उभा असायचा, म्हणजे चेंडू मिळाला की पहिली धडक मधोमध, सगळ्यात दाट गर्दीत. 28 नंबरवाला उंचापुरा, मोकळी जागा दिसली की निसटणारा. हा बुटका, दणकट, अंगावर आलेल्यांना झटकून पुढे जाणारा.

कॉलेजच्या त्या गटाच्या 1999 च्या अंतिम सामन्यात यंग्सटाउन स्टेटविरुद्ध त्याने 58 यार्डांची एक धाव घेतली. एकामागून एक हात त्याच्यावर पडत होते आणि निसटत होते. जॉर्जिया सदर्नचे लोक त्या धावेला नुसतं 'द रन' म्हणतात. त्याच वर्षी त्याला त्या गटातल्या सर्वोत्तम आक्रमक खेळाडूचा वॉल्टर पेटन पुरस्कार मिळाला.

त्याच्या आकड्यातही एक गोंधळ आहे. कुठे 6,559 वाचायला मिळतं, कुठे 9,145. दोन्ही खरे. पहिला नियमित हंगामाचा, दुसरा प्लेऑफ, म्हणजे हंगामानंतरचे बाद फेरीचे सामने धरून. 2002 च्या आधीचे प्लेऑफचे यार्ड अधिकृत कारकिर्दीत मोजत नसत आणि त्याचा संघ तर दरवर्षी प्लेऑफमध्ये खोलवर जायचा. म्हणजे संघ जितका जिंकला, तितके त्याचे यार्ड हिशेबाबाहेर राहिले. 2017 मध्ये कॉलेज फुटबॉलच्या हॉल ऑफ फेमसाठी निवड झाली ती याच पीटरसनची.

एनएफएलमध्ये मात्र तुलना होत नाही. 28 नंबरवाल्याचे एकूण 14,918 यार्ड. सहाव्या फेरीत निवडलेल्या 29 नंबरवाल्याचे त्याच्या दहाव्या हिश्शाइतकेही नाहीत. तो राखीव रनिंग बॅक होता आणि बराचसा वेळ किकच्या वेळी उतरणाऱ्या स्पेशल टीममध्ये खेळला. 14 ऑक्टोबर 2007 ला शिकागोच्या सोल्जर फील्डवर दोन्ही संघांच्या यादीत ए. पीटरसन होता. व्हायकिंग्जचा 224 यार्ड धावला, त्याने 67, 73 आणि 35 यार्डांवरून तीन टचडाउन केले, म्हणजे तीनदा चेंडू समोरच्या टोकापर्यंत नेऊन गुण मिळवले, आणि त्याचा संघ 34-31 ने जिंकला.

इतकं सगळं मिळवूनही 28 नंबरवाला सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, कधीच खेळला नाही. 29 नंबरवाला खेळला. 4 फेब्रुवारी 2007 ला, मायामीच्या पावसात, बेअर्स इंडियानापोलिसकडून 29-17 ने हरले त्या सामन्यात. दुसरा एड्रियन पीटरसन तेव्हा एनएफएलमध्ये आलासुद्धा नव्हता.