झाक प्रिंटमध्ये आहे की उजेडात?

नागपूरच्या झिरो माइल स्तंभापाशी असलेल्या घोड्यांच्या पुतळ्यांचा एक कृष्णधवल फोटो गेल्या उन्हाळ्यात इंकजेट प्रिंटरवर छापला. सकाळी धरमपेठेतल्या आमच्या गच्चीवर पाहिला, तर घोड्याच्या मानेखालच्या सावलीत हिरवट झाक. रात्री बैठकीत पिवळ्या बल्बखाली तीच सावली गुलाबी. दुसऱ्या एका प्रिंटचं दुखणं वेगळंच होतं: कुठेही न्या, निळसर ते निळसरच.

दोन्हींना आपण सरसकट "रंग मारतोय" म्हणतो आणि उपाय चुकतो. न हलणारी झाक म्हणजे कास्ट. उजेडाबरोबर पालटणारी ती मेटामेरिझममुळे.

कास्टचं फार मनावर घेऊ नका. कागदाला न जुळणारं प्रोफाइल (त्या कागदावर कोणती शाई किती टाकायची हे ठरवणारी फाइल), चुकीचा पेपर टाइप किंवा तुंबलेला नोझल, म्हणजे शाई सोडणारं छिद्र, यामुळे शायांचं प्रमाण बिघडतं. नोझल चेकची चाचणी पट्टी छापा, प्रोफाइल बदला, झाक जाते.

मेटामेरिझम शाईच्या स्वभावातच असतो. सायन, मॅजेंटा आणि पिवळी मिळून डोळ्याला करडा भासवतात, पण प्रत्येक शाई प्रकाशाचा वेगळा पट्टा शोषते. म्हणून या करड्यातून परत येणाऱ्या प्रकाशात चढउतार राहतात. कार्बनची काळी शाई सगळे पट्टे जवळपास सारखेच शोषते. आता जुन्या बल्बच्या उजेडात लाल भरपूर, निळा अगदी कमी. पांढऱ्या एलईडीत 450 नॅनोमीटरच्या आसपास निळ्याचा टोकदार उंचवटा. दिवा बदलला की करड्याचा तोल ढळतो. संगणकावर रंगांचे स्लायडर ओढून बल्बखाली जुळवलंत, तर खिडकीपाशी बिघडणारच. यात मी कितीतरी कागद घालवले. खरा उपाय एकच: करड्यातल्या रंगीत शाया कमी करायच्या. एप्सनने 2005 मध्ये के3 शायांमध्ये काळ्याच्या तीन पायऱ्या दिल्या, त्या याच कामी येतात.

दोन्हींतला फरक नुसत्या नजरेने ठरवू नका. पिवळ्या उजेडालाही डोळा सरावतो. करड्या पट्ट्या एकदा फक्त काळ्या शाईने छापा, एकदा रंगीत मोडमध्ये. एक दिवस वाळू द्या. मग शेजारी धरून आधी खिडकीपाशी, नंतर दिव्याखाली पाहा. दोघींतला फरक दोन्हीकडे तसाच राहिला तर कास्ट. पालटला तर मेटामेरिझम. कागद मात्र एकच हवा. ऑप्टिकल ब्राइटनर (कागद अधिक पांढरा दिसावा म्हणून घातलेलं रसायन) असलेला कागद उन्हातल्या अतिनील किरणांनी निळसर चमकतो, घरातल्या दिव्याखाली पिवळट पडतो, आणि दोष शाईच्या माथी जातो.

घोडे मी पुन्हा छापले, नुसत्या काळ्या-करड्या शायांवर. किंचित तपकिरीकडे झुकले, कारण कार्बनचा कलच तसा. पण सकाळी गच्चीवर जेवढे तपकिरी, रात्री बैठकीतही तेवढेच.