ग्रीन बिल्डिंगमध्ये फ्लॅट घेताय? आधी पश्चिमेची खिडकी बघा

पुण्यात वाकड-बालेवाडीकडे गेलं की जिकडेतिकडे ग्रीन होम्सची होर्डिंग. बऱ्याच जणांना वाटतं बाल्कनीत झाडं आणि गच्चीवर सोलर म्हणजे झालं ग्रीन. तसं नसतं, ग्रिहा किंवा आयजीबीसी या इमारतींना ग्रीन रेटिंग देणाऱ्या व्यवस्था, ते पाणी, वीज, कचरा, मटेरियल सगळ्याचे पॉइंट मोजतात. हैदराबादच्या सोहराबजी गोदरेज सेंटरला २००३ मध्ये लीड या अमेरिकन ग्रीन रेटिंगचा सगळ्यात वरचा दर्जा, प्लॅटिनम, मिळाला, अमेरिकेबाहेर पहिलाच, पुढे आपल्या हडपसरला सुझलॉन कंपनीचं वन अर्थ हे ग्रीन ऑफिस झालं, आणि पिंपरी-चिंचवड महापालिका तर ग्रिहा इमारतींना मिळकतकरात सवलत देत आलीय.

पण मला यातलं सगळ्यात भारी वाटतं ते काचेचं गणित. मे महिन्यात आत्याकडे संध्याकाळी पाचला पश्चिमेच्या खिडकीचा पडदा ओढायला गेलो, तर तो नुकत्याच इस्त्री केलेल्या शर्टाइतका गरम! खिडकी सहा बाय चार फूट. त्या वेळी एका चौरस मीटरवर साधारण ६०० वॉट ऊन पडतं, साधी काच त्यातलं पाऊण तरी आत सोडते, म्हणजे खोलीत हजारेक वॉटची इस्त्री चालूच. आता पडदा का पुरत नाही? वस्तू कुठल्या लांबीच्या लहरी जास्त सोडते ते तिच्या तापमानावर ठरतं, २९०० भागिले केल्विन (सेल्सियस अधिक २७३), उत्तर मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात. सूर्य ५८०० केल्विन, म्हणून अर्धा मायक्रॉन, ते काचेतून आरपार. पडदा ३१० केल्विनच्या आसपास, म्हणजे ९-१० मायक्रॉन, आणि या लहरींना काच म्हणजे भिंतच. ऊन आत आलं, उष्णता आतच अडकली. म्हणून ऊन काचेच्या बाहेरच अडवायचं.

त्यात दोन फुटी छज्जा दक्षिणेला छान चालतो, पण पश्चिमेचा सूर्य पाचला २५-३० अंशांवर असतो, त्यामुळे चार फुटी खिडकीवर सावली जेमतेम फूटभर. तिथे जाळी, उभ्या पट्ट्या नाहीतर बांबूची चिकच पाहिजे.

लोक वास्तूवाल्याला पैसे देऊन किचनची दिशा बदलतात, पण काच कुठल्या दिशेला किती आहे हे विचारत नाहीत. आणि ब्रोशरवरचं 'प्री-सर्टिफाइड' म्हणजे फक्त नकाशे तपासलेत, फायनल सर्टिफिकेट बांधकाम झाल्यावर मिळतं, ते मागून घ्या.

आत्याकडे आम्ही बाहेरून चिक लावली. पुढच्या रविवारी पाचलाच परत पडद्याला हात लावून बघितला, गार होता.